ऊन जलूदचे, तारण इंदूरच्या घरपट्टीचे: २४४ कोटींच्या हरित रोख्यांचे प्रकरण

इंदूरच्या नळाला येणारे पाणी सत्तर किलोमीटरवरून येते, आणि चढून येते. मंडलेश्वरजवळच्या जलूदला नर्मदा समुद्रसपाटीपासून साधारण १५० मीटरवर आहे, इंदूर साधारण ५५० मीटरवर, आणि मध्ये विंध्याचा घाट आडवा. हजार लिटर पाणी नुसते ४०० मीटर उचलायला, गळती नाही, घर्षण नाही असे धरले तरी, १.०९ युनिट वीज लागते. पंप आणि मोटरची तूट, पाइपातले घर्षण, घाटमाथ्यापर्यंतचा जादा चढ हे सगळे मिळवले की आकडा दोन युनिटांच्या आसपास जातो. दिवसाला ४० कोटी लिटर पाणी धरले तर आठ लाख युनिट रोज, वर्षाला २९ कोटी. १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली, पुढे तिचे आणखी टप्पे झाले, आणि प्रत्येक टप्प्याबरोबर विजेचे देयकही चढत गेले. आज उपशाच्या विजेचे देयक महिन्याला २० ते २५ कोटींच्या घरात सांगतात. महापालिकेच्या खर्चात पगारांनंतर डोळ्यात भरणारी रकम हीच.

तेव्हा हवामानाचा विचार बाजूला ठेवला तरी इंदूरला ही वीज स्वस्त करून हवीच होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराने त्यासाठी हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेल्या कर्जाचे कागद, विकले: रकम २४४ कोटी, काम ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प, जागा खरगोन जिल्ह्यातल्या सामराज आणि आशुखेडी या गावांच्या शिवारात, म्हणजे जलूदच्या पंपांच्या जवळ. महापालिकेचे रोखे सामान्य गुंतवणूकदारांना खुल्या विक्रीत मिळाले, याचे भरपूर कौतुक झाले. कौतुक रास्तच होते. पण कार्बनमुक्तीसाठी कर्ज काढू पाहणाऱ्या दुसऱ्या शहराने या प्रकरणात फेडीचा तक्ता बघावा. सगळा पेच तिथे आहे.

काय विकले

विक्री १० फेब्रुवारी २०२३ ला उघडली. दोनच दिवस आधी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, पाव टक्क्याने वाढवून ६.५० केला होता. महापालिकेने व्याज दिले वर्षाला ८.२५ टक्के, दर सहा महिन्यांनी. पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडले जाण्याच्या खात्रीची श्रेणी, एका संस्थेचे एए प्लस, दुसरीचे एए; दोन्ही सर्वोच्च एएएच्या खालची. मूळ विक्री १२२ कोटींची आणि मागणी जास्त आली तर आणखी १२२ कोटी ठेवून घेण्याची मुभा, ज्याला बाजारात ग्रीन शू म्हणतात. या शब्दातला ‘ग्रीन’ एका जुन्या बूट कंपनीच्या नावातला आहे, पर्यावरणाशी त्याचा काही संबंध नाही. हरित रोख्यांच्या चर्चेत इथे हमखास गल्लत होते.

मागणी सुमारे ७२० कोटींची आली. ‘५.९ पट भरणा’ असा मथळा झाला. तो १२२ कोटींच्या पायावर खरा आहे. महापालिकेने प्रत्यक्षात २४४ कोटी घेतले, त्या पायावर भरणा २.९५ पट. तोही चांगलाच, पण पुढच्या वेळी आपल्या रोख्यांना सहापट मागणी येईल असे गृहीत धरून कुणी व्याजदर कमी लावायला गेले तर फसेल.

इंदूरला हा बाजार नवा नव्हता. २०१८ मध्ये शहराने १३९.९० कोटींचे रोखे ९.२५ टक्क्यांनी विकले होते, पण ते मोजक्या संस्थांना, खासगी वाटपाने. त्या व्यवहारामुळे घरात दोन गोष्टी तयार होत्या: दुहेरी नोंद पद्धतीचे लेखापरीक्षित हिशेब, आणि व्याज वेळेवर दिल्याचा इतिहास. या दोन गोष्टी नसलेल्या शहराला रोख्यांची तयारी म्हणजे आधी दोन-तीन वर्षे लेखा विभागाची दुरुस्ती. सल्लागार नेमून ती टळत नाही.

तयारीचा क्रम सांगायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव, राज्य सरकारची परवानगी, पतमानांकन, मर्चंट बँकर, रोखेधारकांच्या वतीने लक्ष ठेवणारा विश्वस्त, निबंधक, शेअर व रोखे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या महापालिका रोखे नियमांप्रमाणे माहितीपत्रक, शेअर बाजाराची तत्त्वतः मंजुरी. खुल्या विक्रीत माहितीपत्रक जाडजूड होते आणि खर्चही वाढतो, कारण वाचणारा विमा कंपनीचा विश्लेषक नसून कुणीही असू शकतो.

दहा हजार रुपयांचा प्रवास

रोख्यांची रचना नीट पाहण्यासारखी आहे. एका रोख्याची दर्शनी किंमत १,००० रुपये, पण त्याचे २५० रुपयांचे चार सुटे भाग, आणि हे भाग वेगवेगळे विकता येतात. पहिला भाग तीन वर्षांनी परत, दुसरा पाच, तिसरा सात, चौथा नऊ वर्षांनी. किमान अर्ज दहा रोख्यांचा.

म्हणजे कुणी दहा हजार गुंतवले तर पहिली तीन वर्षे दर सहामाहीला ४१२ रुपये ५० पैसे व्याज. तीन वर्षे संपली की २,५०० मुद्दल हातात, आणि पुढचे व्याज ७,५०० वर, सहामाहीला ३०९ रुपये ३८ पैसे. पाच वर्षांनी आणखी अडीच हजार. शेवटची दोन वर्षे व्याज फक्त अडीच हजारांवर. ज्याला नऊ वर्षे थांबायचे नाही तो लांबचे भाग विकून जवळचे ठेवू शकतो, निदान कागदावर. प्रत्यक्षात महापालिका रोख्यांची दुय्यम बाजारातली, म्हणजे गुंतवणूकदारांच्या आपसांतली, उलाढाल अगदी तुरळक असते. विकणारा तयार असतो, समोर घेणारा नसतो. रोखे विकल्यानंतर त्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीला, राष्ट्रीय शेअर बाजाराने महापालिका रोख्यांचा निर्देशांक सुरू केला. निर्देशांकाने भाव दिसतो, गिऱ्हाईक मिळतेच असे नाही.

छोट्या गुंतवणूकदाराला हे टप्पे सोयीचे. महापालिकेला मात्र याच टप्प्यांनी चिमटा बसतो.

फेडीचा तक्ता

चार भाग प्रत्येकी ६१ कोटींचे. व्याज असे पडते: पहिली तीन वर्षे वर्षाला २०.१३ कोटी, चौथ्या-पाचव्या वर्षी १५.१०, सहाव्या-सातव्या वर्षी १०.०७, शेवटची दोन वर्षे ५.०३. नऊ वर्षांचे एकूण व्याज १२०.७८ कोटी. मुद्दल धरून शहराच्या खिशातून जाणार ३६४.७८ कोटी.

मुद्दल मुदतीच्या दिवशी एकदम द्यायचे असले तरी ते त्या दिवशी गोळा करून चालत नाही. त्यासाठी निक्षेप निधीत, म्हणजे सिंकिंग फंडात, आधीपासून पैसे बाजूला टाकत राहावे लागते. समजा चारही भागांसाठी पहिल्या दिवसापासून सारख्या हप्त्यांनी रकम बाजूला काढली. तीन वर्षांच्या भागासाठी वर्षाला २०.३३ कोटी, पाचच्या भागासाठी १२.२०, सातच्यासाठी ८.७१, नऊच्यासाठी ६.७८. बेरीज ४८.०२. त्यात व्याज मिळवा: पहिली तीन वर्षे शहराला दरसाल ६८ कोटींची सोय करावी लागते. चौथ्या-पाचव्या वर्षी हा आकडा ४३ कोटींवर येतो, सहाव्या-सातव्याला साडेपंचवीस, शेवटच्या दोन वर्षांत जेमतेम बारा.

आता दुसऱ्या बाजूला सूर्य काय देतो ते पाहा. ६० मेगावॉटच्या प्रकल्पाने वर्षभरात सरासरी २० टक्के क्षमतेने वीज दिली तर साडेदहा कोटी युनिट होतात. वीज कंपनीचे टाळलेले देयक, वजा ग्रिड वापराचे आकार, वजा देखभाल, असे करून युनिटमागे निव्वळ पाच रुपये वाचले तर वर्षाला साडेबावन्न कोटी.

पहिल्याच दिवसापासून, एक पॅनेल नादुरुस्त न होता, प्रकल्प पूर्ण चालला असता तरी सुरुवातीच्या तीन वर्षांत बचत ५२ आणि गरज ६८. दरसाल पंधरा-सोळा कोटींचा खड्डा. चौथ्या वर्षापासून उलटे: बचत जास्त, गरज कमी. आणि दहाव्या वर्षापासून, कर्ज फिटल्यावर, पॅनेलची उरलेली पंधराएक वर्षे वीज जवळजवळ फुकट.

पॅनेल पंचवीस वर्षे चालणारे आणि कर्ज सरासरी सहा वर्षांचे, अशी ही जोडी आहे. हेच २४४ कोटी त्याच ८.२५ टक्क्यांनी पंधरा वर्षांच्या समान हप्त्यांवर मिळाले असते तर वर्षाचा हप्ता २९ कोटींच्या आत बसला असता आणि पहिल्या वर्षीही बचतीतून शिल्लक राहिली असती. मग तसे का केले नाही? कारण तसे घेणारा नव्हता. दहा हजार रुपये घालणारा माणूस पंधरा वर्षांच्या हप्त्यांना हात लावत नाही, म्युच्युअल फंडांना छोटी मुदत हवी असते, आणि लांब मुदतीचा पैसा असलेल्या विमा व पेन्शन संस्था महापालिकेच्या पतमानांकनाकडे जरा नाक मुरडूनच पाहतात. विकता येईल अशी मुदत निवडली गेली, प्रकल्पाला शोभेल अशी नव्हे. इंदूरला यासाठी बोल लावण्यात अर्थ नाही. देशातल्या बहुतेक हरित महापालिका रोख्यांची हीच अडचण आहे.

मग पैसे फेडतो कोण

घरपट्टी. आणि पाणीपट्टी, विकास शुल्क, बाजार भाडे, जे काही शहर स्वतः गोळा करते ते.

यंत्रणा अशी असते. शहराचा ठरलेला स्वतःचा महसूल रोज एका एस्क्रो खात्यात जमा होतो. त्या खात्याला महापालिका थेट हात लावू शकत नाही. बँक आधी त्यातून व्याजाच्या खात्यात आणि निक्षेप निधीत त्या महिन्याचा वाटा वळवते, राखीव खात्यात काही महिन्यांच्या व्याजाइतकी रकम शिल्लक आहे ना ते बघते, आणि मग उरलेले पैसे पगार-ठेकेदारांसाठी महापालिकेकडे सोडते. एखाद्या महिन्यात वाटा कमी पडला तर बँक विश्वस्ताला कळवते आणि महापालिकेला ठरावीक दिवसांत भर घालावी लागते.

मानांकन संस्थेने दिलेला एए प्लस या खात्याचा आहे. तिचे विश्लेषक जलूदच्या उन्हाचा नकाशा चाळतीलही, पण त्यांचा वेळ जातो तो मालमत्ता कराच्या वसुलीत: मागणी किती, त्याच वर्षी वसूल किती, थकबाकी किती जुनी, निवडणुकीच्या वर्षी सवलती जाहीर होतात का. ‘हरित’ हा शब्द पैसा कुठे लागणार ते सांगतो. तो परत कुठून येणार, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. सौर प्रकल्प उद्या पूर्ण बंद पडला तरी इंदूरच्या रोखेधारकाला व्याज मिळायला हवे, अशीच ही रचना आहे. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हे उत्तम. शहराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की प्रकल्पाची सगळी जोखीम घरपट्टी भरणाऱ्याच्या माथी.

त्याच इंदूरने दुसरी वाटही चोखाळली आहे. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प, ओला कचरा दिवसाला ५५० टन, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू. तिथे बांधणीचा पैसा खासगी भागीदाराने घातला, महापालिकेने जमीन आणि वर्गीकरण केलेला कचरा दिला, आणि भागीदारच महापालिकेला वर्षाला सुमारे अडीच कोटी देतो. जोखीम त्याची, नफ्याचा मोठा वाटाही त्याचा. शहराने पुरवायची वस्तू एकच, ओल्या-सुक्याची चोख विभागणी, आणि त्यात इंदूरचा हात कुणी धरणार नाही. सौर विजेत जोखीम कमी, बचत नक्की, म्हणून ती स्वतःकडे ठेवून कर्ज काढणे हा निर्णय तत्त्वतः योग्यच होता. बिनसले ते वेळापत्रकात.

पैसा आला, वीज आली नाही

रोखे फेब्रुवारी २०२३ मध्ये विकले गेले. २०२४ संपले तेव्हाही जलूदहून सौर वीज सुरू झालेली नव्हती. व्याजाचे मीटर मात्र वाटपाच्या दिवसापासून फिरत होते, दर सहामाहीला १० कोटी ७ लाख.

या उशिराची किंमत नीट मोजायला हवी, कारण ती दोन्हीकडून चुकीची मांडली जाते. ‘वर्षाला वीस कोटी पाण्यात’ हे खरे नाही. न वापरलेला पैसा मुदत ठेवींत राहतो. त्यावर ६.७५ टक्के मिळाले असे धरू. म्हणजे खरी तूट दीड टक्क्याची, पूर्ण रकमेवर वर्षाला ३.६६ कोटी. ‘पैसा ठेवीत सुरक्षित आहे, नुकसान काही नाही’ हेही खरे नाही. वर्षाला ५२ कोटींची बचत व्हायची ती झाली नाही, आणि तेवढी वीज औष्णिक केंद्रांतून येत राहिली. मोठे नुकसान हे आहे. हिशेबाच्या वहीत ते दिसत नाही, कारण न झालेल्या बचतीला लेखाशीर्ष नसते.

सर्वात वाईट बाब वेगळीच. पहिल्या ६१ कोटींची मुदत तीन वर्षांची, म्हणजे फेब्रुवारी २०२६. ती प्रकल्पासाठी थांबत नाही. तीन वर्षांपैकी दोन वर्षे वीज नसेल तर पहिला भाग जवळजवळ सगळाच घरपट्टीतून गेला असे समजायचे. जी तीन वर्षे मुळातच तंग होती त्यांतच बचत शून्य.

जमेच्या बाजूला एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०२३ मध्ये पॅनेलचे जागतिक भाव घसरले, त्यामुळे उशिरा खरेदी करणाऱ्याला काही फायदा झाला. पण तोही सरळ नव्हता: परदेशी पॅनेलवर ४० टक्के आयात शुल्क होते, आणि मान्यताप्राप्त उत्पादकांचीच पॅनेल घेण्याची सक्ती मार्च २०२४ पर्यंत स्थगित होती, ती १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू झाली. कार्यादेश त्या तारखेच्या कोणत्या बाजूला पडतो यावर मेगावॉटमागचा खर्च हलतो. २४४ भागिले ६०, म्हणजे मेगावॉटमागे चार कोटींचे गणित, यात ढिलाईला फारशी जागा नव्हती.

अशा प्रकल्पांत उशीर कशाने होतो हे या क्षेत्रातल्या माणसांना पाठ असते. मेगावॉटला चार ते पाच एकर धरले तर ६० मेगावॉटला २४० ते ३०० एकर लागतात. सलग इतकी जमीन कागदावर सरकारी दिसते आणि मोजणीला गेल्यावर तिच्यात वहिवाट, गायरान, नाले निघतात. ग्रिड जोडणीची परवानगी वेगळी, पारेषण वाहिनीसाठी शेतकऱ्यांच्या बांधावरून जाणारा रस्ता वेगळा. निविदेला पहिल्या फेरीत पुरेसे बोलीदार येत नाहीत, कारण महापालिका वेळेवर पैसे देते यावर ठेकेदारांचा विश्वास नसतो, मग ती एस्क्रोवाली महापालिका असली तरी.

यावरचा उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे. आधी जमीन, मग जोडणीची मंजुरी, मग निविदा उघडून दर हातात, आणि कार्यादेशावर सही व्हायच्या सुमारास रोखे. मधल्या काळासाठी बँकेचे छोटे कर्ज. उलट क्रम मोहात पाडतो, कारण रोखेविक्रीचा समारंभ होतो आणि जमीन मोजणीचा होत नाही.

दुपारी बाराचा प्रश्न

वीज सुरू झाली की दुसरे गणित लागते. पंप चोवीस तास चालतात. आपल्या अंदाजाने त्यांची सरासरी मागणी ३३ मेगावॉटच्या आसपास. सौर प्रकल्प दुपारी बाराला ५० मेगावॉटच्या वर देईल आणि संध्याकाळी सातला शून्य. दुपारची जास्तीची वीज वीज कंपनीकडे जमा ठेवायची आणि नंतर वजा करून घ्यायची, याला बँकिंग म्हणतात. २०२२ च्या केंद्रीय हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांत महिन्याच्या महिन्याला बँकिंगची मुभा आहे, पण त्याचे शुल्क विजेतच कापले जाते, आणि महिना संपताना न वापरलेल्या जादा युनिटांवर पाणी सोडावे लागू शकते. कागदावरचे साडेदहा कोटी युनिट आणि देयकातून वजा झालेले युनिट यांत इथे फरक पडतो. पंपांचे वेळापत्रक जमेल तितके दिवसाकडे सरकवणे आणि त्यासाठी घाटमाथ्यावर साठवण टाक्या वाढवणे, हे बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त. पाणी उचलून ठेवले की वीज साठवलीच.

प्रकल्प महापालिकेच्या मालकीचा असणे इथे कामी येते. मालकी किमान २६ टक्के आणि स्वतःचा वापर किमान ५१ टक्के असला की प्रकल्प ‘कॅप्टिव्ह’ ठरतो आणि क्रॉस-सबसिडी अधिभार, म्हणजे स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार उचलण्यासाठी मोठ्या ग्राहकावर बसणारा आकार, लागत नाही. अतिरिक्त अधिभारही लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या खटल्यात स्पष्ट केले. महाराष्ट्रातला तो वाद देशभरच्या महापालिकांना उपयोगी पडला. युनिटमागे निव्वळ पाच रुपये वाचतील हे गृहीतक या सवलतींवर उभे आहे. वरचा सगळा तक्ता त्यातल्या एका रुपयाने हलतो: वर्षाला साडेदहा कोटी.

निमाडचे ऊनही दिसते तितके भोळे नाही. खरगोनला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा पॅनेलमधला सेल ६५ अंशांपर्यंत तापतो. मानक चाचणी २५ अंशांवर होते, त्यावरच्या दर अंशाला उत्पादन ०.३५ टक्क्याने घटते. चाळीस अंशांचे चौदा टक्के. सर्वात कडक ऊन असलेला महिना म्हणून सर्वात जास्त वीज देत नाही. तो मान बहुधा फेब्रुवारी-मार्चचा. धूळ वेगळी. ५५० वॉटची धरली तर ६० मेगावॉटला एक लाख नऊ हजार पॅनेल, आणि एका पॅनेलला दोन लिटर म्हटले तरी एका धुण्याला सव्वादोन लाख लिटर पाणी. नर्मदा शेजारी आहे म्हणून ठीक. निविदेत आणखी एक बारीक जागा असते: ६० मेगावॉट कुठे मोजायचे, पॅनेलवर की इन्व्हर्टरच्या पुढे? ठेकेदार आणि अभियंता यांचे उत्तर वेगळे निघाले तर पुढची पंचवीस वर्षे दरवर्षी भांडण.

आणि एवढे करून शहर सौर होत नाही. २९ कोटी युनिटांच्या मागणीत साडेदहा कोटी म्हणजे साधारण ३६ टक्के. ग्रिडच्या विजेमागे मेगावॉट-तासाला ०.७ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरले तर वर्षाला साडेत्र्याहत्तर हजार टनांची घट. मोठी आहे. फक्त तिचे कार्बन क्रेडिट करून विकले तर ती घट विकत घेणाऱ्याच्या खात्यात गेली, शहराच्या नव्हे. जाहिरातीत मात्र बऱ्याचदा दोन्ही मोजतात.

हिरव्या रंगाची किंमत

हरित रोख्यांना व्याज कमी पडते असे सांगितले जाते. इंदूरच्या विक्रीच्या वेळी दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा ७.३ ते ७.४ टक्के होता, म्हणजे इंदूरने सुमारे ०.९ टक्का जास्त दिला. जून २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने महाराष्ट्रातले पहिले हरित महापालिका रोखे विकले: २०० कोटी, ७.८५ टक्के, मुंबई शेअर बाजारात नोंदणी. ७.८५ हा आकडा ८.२५ पेक्षा गोड वाटतो. पण तेव्हा सरकारी रोखा ६.३ च्या आसपास उतरला होता, म्हणजे वरचा फरक दीड टक्क्याच्या वर. मुदती आणि विक्रीची पद्धत वेगळी असल्याने ही तुलना सुरीच्या धारेची नाही, तरी एवढे दिसते की व्याजदर उतरला तो रिझर्व्ह बँकेमुळे, हिरव्या शिक्क्यामुळे नव्हे.

शिक्क्याचा खर्च मात्र आहे. इंदूरची विक्री उघडण्याच्या आठवडाभर आधी, ३ फेब्रुवारी २०२३ ला, सेबीने हिरवा मुलामा टाळण्यासाठी काय करावे आणि काय करू नये याचे परिपत्रक काढले. पैसा सांगितल्या कामालाच लागला का, उरलेला कुठे ठेवला, पर्यावरणाचा परिणाम किती, याचा हिशेब देत राहणे बंधनकारक. काम बदलले तर रोखेधारक पैसे परत मागू शकतात, अशी टांगती तलवार.

हा खर्च भरून निघतो तो दिल्लीहून. अमृत २.० योजनेत, आधी रोखे विकलेल्या शहराने पुन्हा विकले तर प्रोत्साहन फक्त हरित रोख्यांनाच, दर १०० कोटींमागे १० कोटी, कमाल २० कोटी. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये मुळा नदीसाठी २०० कोटींचे साधे रोखे विकले होते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला रंग हिरवाच हवा होता. २०० कोटींवर ७.८५ टक्क्यांनी वर्षाचे व्याज १५.७० कोटी, २० कोटींचे प्रोत्साहन म्हणजे सव्वा वर्षाचे व्याज माफ.

पण इंदूर आणि पिंपरी-चिंचवड यांत एक मूलभूत फरक आहे. इंदूरचा पैसा देयक कमी करणाऱ्या यंत्राला लागला. पिंपरी-चिंचवडचा हरित सेतू, म्हणजे पायी आणि सायकलने फिरण्याचे जोडरस्ते, आणि गवळीमाथ्याकडचा टेल्को रस्ता, यांतून महापालिकेच्या तिजोरीत एक रुपया परत येत नाही. त्यामुळे ते वाईट ठरत नाहीत. चालता येईल असा रस्ता कुणाला नको? पण तिथे फेडीचा तक्ता मांडताना बचतीचा रकानाच कोरा आहे. सगळी फेड मालमत्ता करातून, आणि महाराष्ट्रात जकात-एलबीटी गेल्यावर २०१७ पासून राज्य दरमहा जी जीएसटी भरपाई देते तिच्या टेकूवर. ही भरपाई शहराची स्वतःची वसुली नव्हे. तो धनादेश मुंबईहून निघतो.

महाराष्ट्रातल्या एखाद्या महापालिकेचा हरित रोख्यांचा प्रस्ताव आता सभेपुढे आला, तर नगरसेवकांनी माहितीपत्रकाची चार पाने आधी उघडावीत: कार्यादेशाची तारीख, पहिल्या मुद्दलाची तारीख, या दोन्हींच्या मधल्या महिन्यांत निक्षेप निधीत दरमहा जाणारी रकम, आणि गेल्या पाच वर्षांत चालू मागणीपैकी त्याच वर्षी वसूल झालेली घरपट्टी. इंदूरच्या बाबतीत पहिल्या दोन तारखांचा क्रम आधीच जुळवला असता, तर पहिले ६१ कोटी बऱ्याच अंशी जलूदच्या उन्हातून आले असते.